लाल रंग नेमका कशासाठी?
मोबाइल टॉवरांवर नजर ठेवायच्या स्क्रीनवर अलार्मच्या तीव्रतेप्रमाणे टॉवरच्या आयकॉनचा रंग बदलला की काम झालं, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. तीव्रता (बिघाड किती गंभीर) वेगळी आणि उपकरणाची अवस्था (चालू, बंद की लॉक) वेगळी. आयटीयूनेही (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) १९९२ मध्ये आपल्या मानकांत दोन्ही वेगळ्याच ठेवल्या: अलार्म एक्स.७३३ या मानकात, अवस्था एक्स.७३१ मध्ये.

आमच्या बीड-धाराशिव पट्ट्यात उन्हाळ्यात वीज गेली की एका फीडरवरचे सगळे टॉवर एकदम ‘मेन्स फेल’ (मुख्य वीजपुरवठा बंद) दाखवतात. त्यातच कामासाठी मुद्दाम लॉक केलेली, म्हणजे आपणच सेवेतून बाहेर काढलेली टॉवर साइटही लाल दिसली, तर जिची बॅटरी खरंच संपत आलीय ती नजरेतून सुटते आणि अख्ख्या गावाचा फोन बंद पडतो. म्हणून रंग फक्त तीव्रतेला ठेवा, लॉकसाठी आयकॉनच्या कोपऱ्यात कुलूप दाखवा. आणि ऑपरेटरने अलार्म पाहिला की लुकलुकणं थांबू द्या, रंग मात्र बिघाड निघेपर्यंत तसाच राहायला हवा.