फ्रेंच वाईन चाखायला आणि विकत घ्यायला शिकायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे सध्या ल्योंमध्ये आहे, इथून उत्तरेला बोजोले आणि दक्षिणेला ऱ्होनचं खोरं, दोन्ही वाईनचे प्रदेश, त्यामुळे आता हा विषय नीट शिकायचाच असं मनावर घेतलंय. नुसतं "मस्त लागली" म्हणून थांबायचं नाहीये, काय पितोय आणि ते का आवडतंय हे कळायला हवं.

पहिली अडचण लेबलची. आपल्या नाशिकच्या बाटलीवर शिराझ, शेनिन ब्लाँ असं द्राक्षाचं नाव सरळ लिहिलेलं असतं, इथे बहुतेक गावाचं नाहीतर प्रदेशाचं. वाचून एवढं कळलं की शाब्ली म्हणजे शार्दोने द्राक्ष, पांढरी साँसेर म्हणजे सोव्हिन्यों ब्लाँ, लाल बोजोले म्हणजे गामे, आणि अल्सासवाले तेवढे सहसा द्राक्ष लिहितात. पण बोर्दोत तर मिश्रण असतं ना, तिथे कसं ओळखायचं? शिवाय ग्रां क्रू, ग्रां व्हँ द बोर्दो ("बोर्दोची थोर वाईन"), व्हिएय व्हीन्य ("जुन्या वेली") हे जे छापलेलं असतं त्यातलं खरं काय धरायचं?

आणि मुख्य म्हणजे टॅनिन, अ‍ॅसिडिटी वगैरे तोंडात ओळखायचं कसं? बजेट बाटलीला १० ते १५ युरो. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:

ल्योंत आहात तर बोजोलेपासूनच सुरू करा, बोर्दो नंतर. तिथे १० क्रू (स्वतःच्या नावाने वाईन विकणारी नावाजलेली ठिकाणं) आहेत, मोर्गों, फ्लरी, मूलाँ-आ-व्हाँ वगैरे, आणि तुमच्या बजेटमध्ये चांगली मोर्गों मिळून जाईल. एक साधी बोजोले-व्हिलाज आणि एक मोर्गों घ्या, शक्यतो एकाच उत्पादकाची आणि एकाच वर्षाची, आणि दोन ग्लासांत शेजारी शेजारी ओतून चाखा. द्राक्ष दोन्हीकडे गामेच, त्यामुळे फरक जाणवला तर तो बराचसा जमिनीचा. एकेक बाटली सुटी पिऊन हे लक्षात येत नाही. आणि थोडी गार प्या, १३-१४ डिग्रीला.

घोट गिळल्यावर हिरड्या आणि गालाची आतली बाजू कोरडी, आवळल्यासारखी झाली, कडक कोऱ्या चहाने होते तशी, तर ते टॅनिन. तोंडाला पाणी सुटलं तर अ‍ॅसिडिटी. गामेत टॅनिन कमी असतं म्हणून पुढच्या वेळी सोबत एक मेदोक (बोर्दोची लाल वाईन) उघडा, लगेच कळेल.

बोर्दोचं ढोबळमानाने असं, नदीच्या डाव्या काठावर म्हणजे मेदोककडे कॅबर्ने सोव्हिन्यों जास्त, उजव्या काठावर सेंतेमिलियों, पोमरोलकडे मेर्लो जास्त. ग्रां व्हँ द बोर्दो आणि व्हिएय व्हीन्य या शब्दांवर जादा पैसे अजिबात घालू नका, वेली किती जुन्या म्हणजे "व्हिएय" याची कायद्यात व्याख्याच नाही. ग्रां क्रू मात्र प्रदेशाप्रमाणे बदलतं: बुर्गोन्यमध्ये (बर्गंडीत) तो दर्जा ठरावीक मळ्यांना असतो, मेदोकमध्ये १८५५ च्या यादीतल्या शातोंना (वाईन बनवणाऱ्या इस्टेटींना), आणि सेंतेमिलियों ग्रां क्रू हे तर खूप उत्पादक वापरतात, त्यामुळे त्याला बुर्गोन्यच्या ग्रां क्रूच्या पंक्तीला बसवू नका.

सुपरमार्केटपेक्षा घराजवळच्या काव्हिस्तकडे (वाईनच्या दुकानदाराकडे) जा, बजेट आधीच सांगा आणि मागची बाटली आवडली की नाही तेही सांगा, ते लोक मनापासून सुचवतात. सप्टेंबरात सुपरमार्केटांमध्ये फ्वार ओ व्हँ (वाईनचे मेळे) लागतात तेव्हा सेल चांगले असतात, पण तोपर्यंत थोडी जीभ तयार झालेली बरी.

दोन बाटल्या एकदम उघडल्या की उरणारच, बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, लालसुद्धा, दोन-तीन दिवस आरामात चालते.