खापरपणजोबा काळ्या पाण्यावर गेले होते, कागद कुठे शोधावेत?

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव पुरंदर तालुक्यात. घरात चालत आलेली गोष्ट अशी: खापरपणजोबांनी सावकाराच्या वह्या जाळल्या, त्याच्या कारभाऱ्यावर कोयता चालवला आणि त्यांना काळ्या पाण्यावर धाडलं. कधी, तर "प्लेगच्या सालात". मेल्याची खबर आलीच नाही, म्हणून खापरपणजीने शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. हे आत्या सांगते, आणि तिने ते घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलंय.

चुलतभाऊ मध्यंतरी अंदमानला जाऊन आला. सेल्युलर जेलच्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर नावं कोरलीत, त्यांत आपलं नाव नाही म्हणून खट्टू झाला. तरी एका कोठडीत उभा राहून फोटो काढलाच आणि ‘आपल्या आजोबांची कोठडी’ म्हणून ग्रुपवर टाकला.

माझ्या हातात एकच कागद आहे, १९१४ चा वारसाचा फेरफार, मोडीत. ‘जन्मठेपेवर गेला’ एवढं लागतं, पुढचं लागत नाही. सध्या कुणबी नोंदींच्या धांदलीत मोडी वाचणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. सुरुवात कुठून करू? पोर्ट ब्लेअरला पत्र टाकू, की पुण्यात पेशवे दफ्तर गाठू?

रुमालवाला

दोन्ही नको. पेशवे दफ्तरात तुमच्या कामाचं काही नाही, आणि बेटांवरचे बरेच कागद १९४२ ते ४५ च्या जपानी अमलात गेले. माणूस तिकडे गेला म्हणून सगळे तिकडेच शोधत बसतात. अहो, पण त्याला धाडणारं कोर्ट इथलं होतं! खटला पुण्याच्या सेशन्स कोर्टात चालला असणार, आणि फाशीची जन्मठेप झाली असेल तर मुंबई हायकोर्टातही गेला असणार.

आधी साल पक्कं करा. सावकारांच्या वह्या-खतं जाळली गेली ती सुप्याच्या दंग्यात, मे १८७५ मध्ये. पुण्यात प्लेग सुरू झाला १८९७ च्या आसपास आणि पुढे कित्येक वर्षं येत राहिला. वीस-बावीस वर्षांच्या अंतराच्या दोन गोष्टी तुमच्या घरच्यांनी एकाच माणसाला चिकटवल्यात. मला विचाराल तर कोयता खरा, वह्या उसन्या.

साल कळलं की ठिकाणही कळतं. अंदमानची वसाहत मार्च १८५८ पासूनची. त्याआधी मुंबई इलाख्यातल्या कैद्यांना मॉरिशस, पिनांग, मलाक्का, सिंगापूर असं कुठेही धाडत. (उलट तिकडचे चिनी कैदी आपल्या महाबळेश्वरला आणून ठेवले होते आणि ते तिथे बटाटे, भाज्या पिकवायचे. महाबळेश्वरकरांनाही हे सांगून पटत नाही.) तुमचं प्रकरण अंदमानचंच. पण सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ मध्ये बांधलं, तेही कैद्यांच्याच हातून. म्हणजे खापरपणजोबा त्या कोठडीत बसण्यापेक्षा तिच्यासाठी विटा वाहत असण्याची शक्यता जास्त. भावाला कळवा. पाट्यांवर फक्त राजकीय कैदी आहेत. तिकडे गेलेले बहुतेक लोक खून-दरोड्यातले होते, त्यांच्या पाट्या कोण लावणार?

मुंबईत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथे न्याय खात्याचे वर्षवार खंड मागा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याच्या पोर्ट ब्लेअर शाखेचे कागद आहेत, त्यातले पुष्कळ ‘अभिलेख पटल’वर घरबसल्या शोधता येतात. साहेबाने नावाचं स्पेलिंग मनाला येईल तसं केलंय, तेव्हा बापाचं नाव आणि गाव टाकूनही बघा. ज्ञानप्रकाश आणि केसरीचे जुने अंक चाळायलाही हरकत नाही.

घरात एखादं जुनं पत्र असेल तर त्यावर कैद्याचा नंबर आहे का बघा. गळ्यातल्या बिल्ल्यावर नंबर, कलम, शिक्षेची आणि सुटकेची तारीख असे. सावरकर जुलै १९११ मध्ये उतरले, त्यांचा नंबर ३२७७८. त्यावरून तुमच्या माणसाचा अंदाज बांधता येईल.

जय_शिवराय_९६

सावकारशाहीविरुद्ध शस्त्र उचललं म्हणजे क्रांतिकारकच की. स्वातंत्र्यसैनिक म्हणून नोंद करून घ्या, मागे हटू नका.

रुमालवाला

कारभाऱ्याच्या घरचे लोकही असा धागा काढू शकतात, एवढं लक्षात असू द्या.

बेटावरची_काकू

ह्यांच्या नोकरीमुळे मी बरीच वर्षं पोर्ट ब्लेअरला काढली. (आता श्री विजय पुरम, पण माझ्या तोंडात जुनंच बसलंय.) तिथे आडनावावरून शोधायला जाऊ नका. दहाएक वर्षं नीट वागलेल्या कैद्याला ‘सेल्फ सपोर्टर’चं तिकीट मिळायचं. मग जमीन कसायची, गुरं पाळायची आणि परवानगी घेऊन लग्नही करायचं, बहुतेक वेळा कैदी बाईशीच. त्यांची पोरंबाळं म्हणजे तिथले ‘लोकल बॉर्न’. नवरा एका मुलखातला, बायको दुसऱ्या, जातपात अशीतशीच, आणि घरात बोलणं सगळं हिंदुस्थानी.

आमच्या शेजारच्या आजी पक्क्या लोकल बॉर्न. मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण होळीला पुरणपोळी करायच्या, कडेला पुरण आलं नाही तर स्वतःवरच चिडायच्या. कुणी शिकवली विचारलं तर म्हणे सासूने, आणि सासूची आजी "बंबई की तरफ की". आता बंबई म्हणजे काय, तर धारवाडपासून सिंधपर्यंत सगळा एकच इलाखा. आणि पोळी तर कानडी लोकही करतात, गुजरातीही. तेव्हा नुसत्या पोळीवरून मी काही त्यांना आपल्यात ओढलं नाही.

दादा, एक सांगू? तिकडे दुसरा संसार सापडला तर आत्याला काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा. कुंकवाची गोष्ट वाचली म्हणून म्हणते.

कऱ्हाकाठ

काकू, हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्याला इतक्यात काही बोलत नाही. बाकी दुसरा संसार असला तर ती माणसंही आमचीच म्हणायची, माझं मन तरी तसंच म्हणतंय. आत्याचं काय म्हणेल, देव जाणे.

फेरफाराचा फोटो जोडलाय. ‘सबब’च्या आधीचं कुणाला लागतंय का?

रुमालवाला

लागलं. ‘सन १९०१ साली जन्मठेपेवर गेला तो अद्याप परत आला नाही सबब बायकोचे नाव दाखल.’ मयत लिहिलेलं नाही, म्हणजे १९१४ मध्येही गावाला खबर नव्हती. आत्याची गोष्ट तेवढी बरोबर आहे.

तर मुंबईत १९०० ते १९०२ चे खंड मागा. आधीच्या वर्षाचा सोडू नका, गुन्हा आणि अपील त्यात असू शकतं. नोंदीआधी वारसाचा जबाब घेतला असणार, तो तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. जुना सर्व्हे नंबर लिहून न्या, नुसता गट नंबर दिलात तर परत पाठवतील.