रेडिएशननंतर तोंड सुकलंय, पेशींपासून नवी लाळग्रंथी खरंच बनते का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६४) जिभेच्या मुळाशी कॅन्सर होता, मागच्या वर्षी ३५ रेडिएशन झाली, आता स्कॅन क्लिअर आहे. पण तोंडात लाळ म्हणून नाही. दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी खाणारा माणूस, आता आमटीत पार कुस्करून दिली तरी घास फिरत नाही, वाळू चावतोय असं वाटतं म्हणतात. रात्री तीन-चारदा उठतात, जीभ टाळ्याला चिकटलेली असते, पाण्याचा घोट घेतल्याशिवाय सुटतच नाही. परवा भावाने व्हिडिओ पाठवला की पेशींचं रिप्रोग्रामिंग करून लाळग्रंथी परत तयार करता येते, आणि खाली एका क्लिनिकचा नंबर. फोन केला तर म्हणाले पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढून ग्रंथीत इंजेक्शन देऊ, अडीच लाख, पैसे आधी. बाबा म्हणतायत उसाचं बिल आलंय, करून टाकू. कुणाला यातलं खरं माहितीय का? प्लीज सांगा.

पेशीघर:
ताई, पैसे अजिबात भरू नका, आधी हे वाचा. मी पेशीजीवशास्त्रात पीएचडी करतोय. व्हिडिओतलं संशोधन खरं आहे पण ते आणि क्लिनिकवाले विकतायत ते, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

रिप्रोग्रामिंग म्हणजे काय तर २००६ साली जपानच्या शिन्या यामानाकांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं (जीन्स) घालून तिला पुन्हा गर्भातल्या पेशीसारखी कोरी करून दाखवली, पुढच्या वर्षी माणसाच्या पेशीत तेच जमलं, २०१२ ला नोबेल मिळालं. आता अशी कोरी पेशी हातात असली तरी तिची लाळग्रंथी आपोआप होत नाही, गर्भात ती जशी पायरीपायरीने घडते तसेच सिग्नल्स तिला द्यावे लागतात. जपानमध्येच २०१८ साली एका टीमने उंदराच्या भ्रूणाच्या मूळपेशी (म्हणजे स्टेम सेल) घेतल्या, आधी त्यांच्यापासून, तोंडाच्या आतलं अस्तर ज्यापासून बनतं तसा थर तयार केला, मग त्यात सॉक्स-९ आणि फॉक्स-सी-१ ही दोन जनुकं चालू केली, तेव्हा कुठे ग्रंथीचा कोंब फुटला. ज्या उंदरांची कानाजवळची ग्रंथी काढून टाकली होती त्यांच्यात तो कोंब लावला, तो नळीला जोडला गेला, त्यात नसा वाढल्या, आणि जिभेवर आंबट लावल्यावर त्यातून लाळ आली. मी तो पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती, इतकं ते जबरदस्त आहे. माणसाच्या रिप्रोग्राम केलेल्या पेशींपासूनही नंतर छोटे ग्रंथीगोळे बनवलेत.

पण माणसाच्या तोंडात नाही बसवलेत अजून. कारण एखादी पेशी कोरीच राहिली तर तिची गाठ होऊ शकते, आणि पेशंट आधीच कॅन्सरमधून उठलेला. शिवाय रेडिएशन झालेली जागा आतून घट्ट झालेली असते, रक्तवाहिन्या कमी, तिथे नवीन रोप रुजवायचं म्हणजे खडकात लावण्यासारखं.

चरबीच्या पेशींचं म्हणाल तर तो प्रयोगही खरा आहे, डेन्मार्कमध्ये ३० पेशंटवर झाला, २०१८ ला छापून आला, त्यातल्या ज्यांना पेशी दिल्या त्यांची लाळ चार महिन्यांत साधारण निम्म्याने वाढली. पण त्या पेशींची ग्रंथी होत नाही, त्या फक्त उरलेल्या ग्रंथीला आधार देतात, आणि ती रीतसर चाचणी होती, पेशंटकडून लाखो रुपये घेऊन केलेला उपचार नव्हे. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांनुसार ठराविक रक्ताच्या वगैरे आजारांतलं प्रत्यारोपण सोडून बाकी सगळं स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतं. क्लिनिकला सीटीआरआयचा (अशा चाचण्यांची देशातली सरकारी नोंदवही) नोंदणी नंबर विचारा, बघा काय उत्तर येतंय.

हिरवा_चुडा:
ताई तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, आमच्या ह्यांचं अगदी असंच. तीन वर्षं झाली. आम्ही रात्री झोपताना जिभेला आणि गालाच्या आतून साजूक तूप लावतो, उठणं तीनवरून एकावर आलं. भाकरीऐवजी मऊ भात, कढी, ताकातली कण्यांची पेज. तिखट बंदच. आणि लिंबाच्या गोळ्या देऊ नका हो, आम्ही सहा महिने दिल्या, लाळ थोडी यायची पण दातांची वाट लागली.

दाताची_ताई:
हिरवा_चुडा ताई म्हणतात ते बरोबर. मी डेंटिस्ट आहे, असे पेशंट रोज बघते, तंबाखू-मिश्रीमुळे आपल्याकडे काही कमी नाहीत. लाळ म्हणजे नुसतं पाणी नाही, ती आम्ल धुते, दातांना कॅल्शियम परत देते, रोज अर्धा ते दीड लिटर बनते. ती गेली की हिरडीलगत दात तपकिरी पडत कापल्यासारखे तुटतात. म्हणून रोज जास्त फ्लोराइडची पेस्ट किंवा जेल, साखर नसलेलं च्युइंगम, दर तीन महिन्यांनी तपासणी. पायलोकार्पिन म्हणून लाळ वाढवणाऱ्या गोळ्या असतात, त्यांबद्दल रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा, ग्रंथीचा थोडा भाग जिवंत असेल तर उपयोग होतो, घाम खूप येतो, पण दमा किंवा काचबिंदू असेल तर आधी सांगायचं.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार 🙏 क्लिनिकला नोंदणी नंबर विचारला तर फोन कट केला. बाबांना वाचून दाखवलं, गप्प बसले जरा वेळ, मग म्हणाले उंदराला तरी लाळ आली ना. दाताची_ताई एक विचारायचं होतं, खालची एक दाढ हलतेय, गावातले डॉक्टर उद्या काढू म्हणतायत, काढू का?

दाताची_ताई:
थांबवा!! उद्या काढू नका. रेडिएशन झालेल्या जबड्यातली दाढ काढली तर जखम भरेलच असं नाही, हाड उघडं पडून कुजू शकतं, वर्षं उलटली तरी हा धोका राहतो. ज्या हॉस्पिटलमध्ये रेडिएशन झालं तिथली फाईल घ्या, जबड्याच्या त्या बाजूला किती ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) डोस गेलाय ते त्यात असतं. ती घेऊन तिथल्याच दातांच्या विभागात दाखवा, काढायची की नुसती घासून झाकायची ते तेच ठरवतील. तोपर्यंत त्या बाजूने चावायचं नाही.