गेममधले अत्याचार सोसलेले पुरुष, नीट दाखवतात का?

रत्नांग्री_गेमर: बाल्डर्स गेट ३ (2023) परत खेळतोय, पावसात लाईट असेल तेव्हा. त्यातला अ‍ॅस्टेरियन हा रक्त पिणारा व्हॅम्पायर, 200 वर्षं मालकाच्या ताब्यात, शिकार पटवून आणायला स्वतःचं शरीर वापरायला लावलेला, आणि आमच्या ग्रुपवर त्याचे नुसते मीम. बाई असती तर हसले असते का?

मालवणी_मासो: चूक गेमची नाय रे, खेळणाऱ्यांची. दुसऱ्या अंकात अराज नावाची बाई त्याका स्वतःक चावूक सांगता, तो नको म्हणता, तरी आपण जबरदस्ती केली तर मागाहून तो तोंडावर बोलून दाखवता. तेका नको म्हणूक मिळता ह्याच खूप.

देवगड_हापूस: मान्य, पण शेवटी मालकाला सत्तेसाठी करायचा होता तोच विधी करून तो मालकासारखा होऊ शकतो की. पुरुषाने सोसलं की सूड नायतर सत्ता, हेच बघून कंटाळा आला बाबा.

त्यापेक्षा पापो अँड यो (2012) खेळ. पोरगा आणि एक राक्षस, एरवी दोस्त, बेडूक खाल्ला की पेटतो, बनवणाऱ्याच्या स्वतःच्या दारुड्या बापावरून सुचलेला. राक्षसाशी मारामारी करायची सोयच नाही, पोरगं नुसतं पळतं आणि जीव वाचवतं, आमच्या आळीत अशी पोरं कमी नव्हती.

रत्नांग्री_गेमर: पीसीवर आहे का?

देवगड_हापूस: हो, 2013 ला आला.