2007 ची केमन एस, मॅन्युअल, कर्नाटक पासिंग: घ्यावी का?

पुणे_बॉक्सर:
पोर्शे केमन एस बघतोय. 2007 चं मॉडेल, 3.4 लिटर, 6 स्पीड मॅन्युअल. मीटरवर 48,000 किमी, दुसरा मालक. गाडी बेंगळुरूत आहे, आरसी 15 वर्षांनंतर रिन्यू झालेली, जुलै 2027 पर्यंत वैध. पेंट आणि आतली सीटं छान दिसतात. विकणारा म्हणतो की गाडी फारशी चाललेली नाही, त्यामुळे इंजिन नव्यासारखं आहे. मेकॅनिक घेऊन जाणार आहे. त्याच्याकडून नेमकं काय तपासून घ्यावं? आणि काय दिसलं तर गाडी सोडून द्यावी?

लोकासिल:
"कमी चालली म्हणजे इंजिन चांगलं" हे या इंजिनाला लागू नाही. ही एम97 मालिका. सिलिंडरची भिंत ॲल्युमिनियमची, तिच्यात सिलिकॉनचे कण बसवलेले, आणि पिस्टनच्या बाजूला लोहाचा पातळ थर. तो थर झिजला किंवा सुटला की पिस्टन थेट भिंतीवर घासतो, सिलिकॉनचे कण उखडतात आणि बोरला (सिलिंडरच्या आतल्या पोकळीला) उभ्या रेघा पडतात. थंड इंजिन लगेच रेव्ह करणं, पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या, गळका इंजेक्टर (पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं) यांनी हे लवकर होतं. म्हणजे महिनोन्महिने उभी राहून अधूनमधून फक्त स्टार्ट केलेली गाडी उलट जास्त संशयाची.

त्यामुळे बोरोस्कोप (बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा) हवाच, आणि तोही खालून. सगळ्यात मोठी चूक इथे होते. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला की बोरचा वरचा भाग स्वच्छ दिसतो आणि सगळे खूश होतात. रेघा बहुतेक वेळा खालच्या भागात, पिस्टनचा दाब पडतो त्या बाजूला सुरू होतात. म्हणून ऑइल काढायचं, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवायचं, एकेक पिस्टन वर आणून खालून बघायचं. 4, 5, 6 नंबरचे सिलिंडर आधी, त्यातही 6 नंबर सगळ्यात आधी. तिरकी बारीक जाळी दिसली तर ते होनिंग (कारखान्यातल्या घासणीच्या खुणा) आहे, ठीक. उभी, काळपट, रुंद पट्टी दिसली तर गाडी सोडा. तिथून पुढे इंजिन पूर्ण उघडून नवीन स्लीव्ह आणि पिस्टन, दुसरा इलाज नाही.

चेंबर परत बसवताना सीलंट नवीन लागतं आणि ते सुकायला वेळ द्यावा लागतो, म्हणजे गाडी एक दिवस गॅरेजमध्ये राहणार. ऑइल साधारण 8 लिटर. ऑइल, फिल्टर आणि मजुरीचा खर्च तुम्ही द्या, विकणारा सहसा मग तयार होतो.

जुना फिल्टर फेकू देऊ नका. कागदाच्या घड्या कापून पांढऱ्या कापडावर पसरा आणि वरून चुंबक फिरवा. काळ्या-तपकिरी प्लॅस्टिकचे एक-दोन तुकडे चेनच्या गाइडचे असतात, लगेच घाबरायचं कारण नाही. चुंबकाला चिकटणारी चमकदार कणी मात्र बेअरिंगची असू शकते. 2007 च्या इंजिनात आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) मोठं आहे, जुन्या इंजिनांइतकं बदनाम नाही, पण इंजिनाचे दोन भाग सुटे केल्याशिवाय ते बाहेर येत नाही. तिथे कणी सापडली तर गोष्ट संपली.

रेव्हकाउंट:
वरच्याशी पूर्ण सहमत. मॅन्युअल गाडी आहे, म्हणून संगणकातला ओव्हर-रेव्ह अहवाल (इंजिन मर्यादेपलीकडे किती फिरलं त्याची नोंद) घ्या. पोर्शेचं पिविस किंवा ड्युरामेट्रिक, तपासणीच्या या दोन्ही यंत्रणांवर निघतो. सहा रेंज, म्हणजे आरपीएमच्या चढत्या पायऱ्या असतात. 1 आणि 2 मध्ये आकडे असणं साहजिक आहे, लिमिटरला (आरपीएम रोखणाऱ्या मर्यादेला) लागलं तरी ते वाढतात. 4 च्या वरचे आकडे लिमिटरने येत नाहीत, ते चुकीच्या डाउनशिफ्टनेच येतात: पाचव्याऐवजी तिसरा पडला आणि चाकांनी इंजिन फिरवलं.

आकडा बघून दचकू नका, तो फेऱ्यांचा नसून ठिणग्यांचा आहे. सहा सिलिंडरला एका फेरीत 3 ठिणग्या. 7,500 आरपीएमला सेकंदाला 375. म्हणजे रेंज 2 मध्ये 900 दिसले तर ते जेमतेम अडीच सेकंद. पण रेंज 5 किंवा 6 मध्ये 200 असले तरी मी गाडी घेणार नाही, तो अर्धा सेकंद व्हॉल्व्ह आणि रॉड बेअरिंगला पुरतो. प्रत्येक रेंजसमोर ते शेवटचं कितव्या तासाला झालं तेही असतं. खूप जुन्या तासाचं असेल आणि त्यानंतर गाडी हजार तास नीट चालली असेल तर थोडं पोटात घालता येतं.

त्याच अहवालात इंजिनाचे एकूण तास असतात. 48,000 ला तासांनी भागा. 1,600 तास म्हणजे ताशी सरासरी 30 किमी, शहरातल्या गाडीला पटतं. 3,400 तास म्हणजे सरासरी 14. मग एकतर गाडी उभ्या उभ्या चालू ठेवलेली आहे, नाहीतर मीटर मागे फिरवलेलं आहे. दोन्ही वाईटच.

चालवताना दुसऱ्या गिअरमध्ये जोरात घ्या, पाय पूर्ण सोडा, परत दाबा. गिअर उडून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स उघडायचा आहे. क्लच पेडल फारच जड लागलं तर प्लेट संपत आली आहे. तिच्यासाठी गिअरबॉक्स उतरणारच, तेव्हा मागचं मेन सीलही त्याच वेळी बदलायचं.

स्पीडब्रेकर:
थंड इंजिनावर पोहोचा. आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. थोडी टिकटिक सुरुवातीला असते आणि जाते. गरम झाल्यावरही राहिली तर वर सांगितलेल्या बोरच्या रेघा आठवा. सुरुवातीला निळसर धुराचा एक झोत चालतो, आडव्या सिलिंडरच्या इंजिनाचा तो स्वभाव आहे. पांढरा धूर थांबतच नसेल तर ऑइल सेपरेटरचा (इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणाऱ्या भागाचा) डायफ्राम फाटलाय. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून बघा, जोराने ओढून धरलं तर तेच. मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) असेल तर या ओढीचं पाण्याचे 4 ते 6 इंच हे ठीक माप.

पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना रेडिएटर आहेत. तिथे पानं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या साचून एसी कंडेन्सर सडतात. टॉर्च मारून जाळीतून बघा. आपल्या रस्त्यांवर खालच्या आर्मचे बुश आणि शॉकअपच्या वरच्या माउंट आधी जातात. कमी वेगात खड्ड्यातून टकटक आली की तेच.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. झिजलेला नसला तरी इतका जुना टायर या वेगाच्या गाडीला नको. 18 इंची चाकाला पुढे 235/40, मागे 265/40.

पेट्रोल: कंपनी 98 ऑक्टेन सुचवते. कमी घातलं तर नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, इंजिन बिघडत नाही पण 295 अश्वशक्ती मिळत नाही. शिवाय ही ई20 च्या आधीची गाडी, तेव्हा इंधनाच्या रबरी नळ्या हाताने दाबून पाहा. तडा किंवा चिकटपणा असेल तर बदला.

एनओसी_28:
कागदांबद्दल.

चॅसिस नंबर पुढच्या काचेखालच्या पट्टीवर आणि आरसीवर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. 17 अक्षरं, सुरुवात डब्ल्यूपी0. दहावं अक्षर 7 म्हणजे 2007 मॉडेल. अकरावं यू असतं, कारण या गाड्यांची जुळणी फिनलंडमधल्या उसिकाउपुंकीत होत होती. पुढच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर ऑप्शन कोड आहेत: 480 म्हणजे मॅन्युअल, 475 म्हणजे पासम (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं) सस्पेन्शन, 640 म्हणजे स्पोर्ट क्रोनो. जाहिरातीत लिहिलेलं त्याच्याशी ताडून बघा.

कर्नाटकातून फॉर्म 28 ची एनओसी, ट्रान्सफरला 29 आणि 30, इथे नवीन नंबरसाठी 27, आणि आरसीवर एचपी (कर्जाचा बोजा) असेल तर आधी 35 ने उतरवून घ्या. महाराष्ट्रात आयात गाडीला टॅक्सचा दर जास्त आहे, म्हणून मूळ बिल मागाच, आणि आरटीओकडून टॅक्सचा आकडा काढल्याशिवाय टोकन देऊ नका.

जुलै 2027 ची तारीख मुकाट्याने सोडू नका. तेव्हा गाडी 20 वर्षांची होते. आयात चारचाकीची रिन्युअल फी 15 वर्षांनंतर 40,000 होती, 20 वर्षांनंतर 2025 पासून 80,000 आहे. भाव ठरवताना हा आकडा समोर ठेवा.

पुणे_बॉक्सर:
सगळ्यांचे आभार. विकणाऱ्याशी बोललो. तो म्हणतो प्लगमधून कॅमेरा घाला, पण चेंबर उतरवू देणार नाही. अहवाल द्यायला तयार आहे. आता?

लोकासिल:
अहवाल आधी घ्या, त्याला कुठलाही नट खोलावा लागत नाही. तो साफ असेल तर लेखी सांगा: चेंबर तुमच्या पसंतीच्या गॅरेजमध्ये उतरवू, खर्च माझा, ऑइल-फिल्टर नवीन, गाडी दुसऱ्या दिवशी परत. तरीही नाही म्हणाला, तर बोर खराब आहेत असं धरूनच भाव सांगा, म्हणजे इंजिन बांधायचा पूर्ण खर्च वजा करून. तो भाव त्याला चालणार नाही, मग निघून या. 2009 पासूनच्या केमनमध्ये इंजिन वेगळं आहे, आयएमएस बेअरिंगच नाही, आणि केमन एस 320 अश्वशक्तीची आहे. शोध तिकडे वळवा.