भेट आलेल्या रोपांवरील कीड : तपासणीचे अनुभव

वास्तुशांत, वाढदिवस, सत्कार आणि आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाण, अशा सगळ्या निमित्तांनी कुंडीतले रोप देण्याची पद्धत पुण्यात चांगलीच रुळली आहे आणि ती मला मनापासून आवडते. मात्र गेल्या जानेवारीत वाण म्हणून मिळालेले जास्वंदीचे रोप मी कौतुकाने थेट माझ्या होयाच्या वेलाशेजारी ठेवले, आणि तीन आठवड्यांनी होयाच्या पेरापेरांत कापसाच्या बारीक बोळ्यांसारखा पांढरा थर दिसू लागला. ते पिठ्या ढेकूण, म्हणजे रोपाचा रस शोषणारी कीड, होते. नऊ वर्षे वाढवलेला तो वेल मला निम्म्याहून अधिक छाटावा लागला. रोप देणाऱ्यांचा यात काडीचाही दोष नाही. पाने उलटून पाहण्याचे काम माझे होते. आपल्याकडे भेट आलेल्या रोपांवर काय आढळले, ते नेमके कुठे दडले होते आणि आपण काय केले, हे कृपया सविस्तर लिहावे.

कोथरूडहून

माझा अनुभव पानांचा नसून मुळांचा आहे. वास्तुशांतीला आलेल्या स्नेक प्लांटची पाने मी दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसली, बुंधा भिंगातून पाहिला आणि रोप निरोगी आहे असे समजून दिवाणखान्यात ठेवले. महिन्याभरात पाने मलूल झाली. पाणी कमी पडत असावे असे वाटून मी ते वाढवले, तेव्हा ती आणखीच लोळली. शेवटी कुंडीच्या तळाच्या भोकातून मुंग्यांची ये-जा दिसली म्हणून रोप मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढले, तर मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पिठासारखी पांढरी भुकटी चिकटलेली होती, आणि भिंगाखाली त्या भुकटीत तांदळाच्या कणीहून लहान किडे सावकाश सरकत होते. मुळांवर राहणारे हे पिठ्या ढेकूण पानांवर कितीही फवारणी केली तरी हाती लागत नाहीत. मी सगळे कोकोपीट पिशवीत बांधून टाकून दिले, मुळे नळाखाली धुतली, कुजलेली कापली, रोप दोन दिवस सावलीत कोरडे होऊ दिले आणि कुंडी साबणाने घासून नव्या मातीत लावले. आता भेट आलेले कोणतेही रोप कुंडीतून अलगद उपसून मुळे पाहिल्याशिवाय मी आत घेत नाही. फुलावर आलेल्या रोपाला असे हलवणे जिवावर येते, हे मात्र खरे.

सहकारनगरहून

आमच्याकडे लाल कोळी आले, तेही एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात, वाढदिवसाला मिळालेल्या अरेका पामवरून. पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके होते आणि मी ते उन्हाचे डाग समजत होते. शेजारच्या काकूंनी पानाखाली पांढरा कागद धरून वरून हलकेच टिचकी मारायला सांगितले. कागदावर तिखटाच्या कणांसारखे ठिपके पडले आणि क्षणभराने चालू लागले. बोट फिरवल्यावर तांबूस रेघ उमटली. कोळी आठ पायांचा असल्यामुळे तो कीटकांत मोडत नाही आणि नेहमीची कीटकनाशके त्याच्यावर बहुतेक वेळा निष्प्रभ ठरतात, हे मला तेव्हा कळले. न्हाणीघरात नेऊन पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे, दर चार दिवसांनी आणि तीन आठवडे न चुकता, याचाच आम्हाला उपयोग झाला. एकदा धुऊन थांबलो असतो, तर राहिलेल्या अंड्यांतून पुन्हा तेच सुरू झाले असते.

औंधहून

फायकसच्या खालची फरशी चिकट लागत होती. खोडावरचे तपकिरी फुगवटे सालीचाच भाग वाटले. नखाने खरवडल्यावर ते निघाले, तेव्हा ती खवले कीड असल्याचे समजले.

हडपसरहून

सुरुवातीला लिहिणाऱ्या ताईंच्या जास्वंदीवर पपईवरचा पिठ्या ढेकूणही असू शकेल, कारण जास्वंद हे त्याचे आवडते झाड आहे. भारतात तो 2008 साली कोइमतूर भागात प्रथम आढळला आणि दोन वर्षांत पुणे परिसरातील पपईच्या बागांपर्यंत पोहोचला. पुढे पोर्तो रिकोहून आणलेल्या एका चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाशीने त्याला आवर घातला. बंद घरात असा नैसर्गिक शत्रू पोहोचत नाही, म्हणून कीड तिथे निर्धोक वाढते. मी एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब घोटून, ऊन उतरल्यावर, आधी एकाच पानावर फवारून पाहतो आणि मग सात दिवसांच्या अंतराने तीनदा फवारतो. मुंग्यांचा बंदोबस्त मात्र आधी करावा. किडीच्या गोड चिकट स्रावासाठी त्या तिची राखण करतात.

बिबवेवाडीहून

पांढरे दिसले म्हणजे कीडच, असेही नाही, आणि हे मी फार वाईट वाटून लिहीत आहे. बहिणीने दिलेल्या जेड या जाड पानांच्या शोभेच्या रोपावर पांढरे कण दिसताच घाबरून मी ते फेकून दिले. जेड आपल्या पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून क्षार बाहेर टाकते, हे नंतर कळले. ते कण पानभर टिपक्यांसारखे पसरलेले असतात, ओल्या फडक्याने जातात, आणि त्यांत कापूस किंवा चिकटपणा नसतो. पिठ्या ढेकूण बहुधा देठाच्या बेचक्यात गोळा होतात आणि चिरडल्यावर बोटाला चिकट ओल लागते.

शनिवार पेठेतून

मी यंदा वाणासाठी तुळशीची पंचवीस रोपे आणली आणि पंधरा दिवस आधीच गच्चीवर ठेवली. दोन रोपांच्या शेंड्यांवर मावा ही रस शोषणारी बारीक कीड आढळली. तुळशीची पाने पोटात जातात, म्हणून औषध न मारता ती दोन बाजूला ठेवून पाण्यानेच धुतली. काहींच्या ओल्या कोकोपीटमधून बारीक काळी चिलटे उडत होती. वरचा दोन बोटे थर पूर्ण सुकेपर्यंत पाणी थांबवल्यावर ती आटोक्यात आली.

मला स्वतःला आलेली रोपेही मी तीन आठवडे गच्चीच्या वेगळ्या कोपऱ्यात ठेवते. माझ्या मावशींना त्यांनी दिलेली पीस लिली तिथे दिसली आणि त्यांना ते लागले. मी त्यांच्या हाती भिंग दिले आणि आम्ही दोघींनी मिळून एकेक पान उलटून पाहिले. कीड नव्हती. निघताना मावशींनी विचारले की त्यांच्या घरच्या जास्वंदीच्या कळ्यांवर पांढरे काहीतरी दिसते, ते पाहायला मी रविवारी येऊ शकेन का.