थ्रेड ‘रद्द’ होतो की ‘आवरतं घेतो’?

प्रश्नकर्ती: नव्या मुलांसाठी थ्रेड कॅन्सलेशनच्या, म्हणजे प्रोग्राममधला चालता थ्रेड (कामाचा स्वतंत्र धागा) मध्येच थांबवण्याच्या, चाचण्यांच्या टिपा मराठीत लिहितेय. ‘सेंडमध्ये ब्लॉक झालेला थ्रेड रद्द करा’ असं लिहिलं (सेंड म्हणजे डेटा पाठवणारा कॉल), तर सहकारी म्हणाला, ‘रद्द’ चुकीचं. सभा रद्द होते ती भरण्याआधी. भर सभेतून लोकांना उठवलं तर ती उधळली म्हणतात. पटलं, पण पर्याय सुचेना. आणि ‘ब्लॉक’ला काय? अडलेला, तुंबलेला, खोळंबलेला? सगळी चाचणी त्याच शब्दावर उभी आहे: समोरून कुणी वाचत नाही, बफर (पाठवायचा डेटा साठतो ती जागा) भरतो, सेंड अडतो, मग कॅन्सल. एका मशीनवर बफर इतका मोठा निघाला की सेंडने सगळं गिळलं, थ्रेड सुखरूप परतला आणि चाचणी फेल. आता बफरच्या मापाने चाचणी बदलतेय, म्हणून टिपाही नव्याने लिहायच्या आहेत.

शब्दप्रेमी: ‘रद्द’ अरबीतून आलेला, मूळ अर्थ परतवणं, नाकारणं. ‘सूत्रखंडन’ का नको? बफरला ‘हौद’ म्हणा, आपला शब्द आहे.

जुना टेस्टर: हौदही अरबीच! आणि खंडन म्हटलं की घाव घातल्यासारखं वाटतं. पीथ्रेड_कॅन्सल, म्हणजे थ्रेड कॅन्सल करायचा कॉल, फक्त निरोप धाडतो. एरवी थ्रेड पुढच्या कॅन्सलेशन पॉइंटला, म्हणजे रीड, राइट, सेंड, स्लीप अशा ठिकाणी पोचला की तो निरोप लागू होतो. मग क्लीनअप हँडलर (सफाईसाठी आधी नोंदवून ठेवलेली फंक्शन्स) उलट्या क्रमाने चालतात, ही अक्षरशः आवराआवर. ‘आवरतं घ्यायला सांगणं’ हेच नेमकं.

प्रश्नकर्ती: पण आवरतं घे म्हटलं तर माणूस हातातलं वाक्य पुरं करतो. थ्रेड सेंडमधून परतच येत नाही.

जुना टेस्टर: हे खरंय. मग ‘कॅन्सल’ राहू दे. आम्ही दिवसभर ‘थ्रेड कॅन्सल केला’ असंच बोलतो.

शब्दप्रेमी: असंच चाललं तर मराठीत फक्त क्रियापदाची शेपटी उरेल.

तिसरी: ब्लॉकबद्दल सांगते. ज्यात साठतं ते तुंबतं; गटार तुंबतं, गाड्या अडतात. तसा बफर तुंबतो, थ्रेड अडतो. दोन शब्द वेगळे ठेवले की चाचणीतली चूकही दिसते: बफर तुंबलाच नाही, मग थ्रेड अडणार कसा? आमची पाइपची (एका टोकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं अशी डेटाची नळी) जुनी चाचणी ५,००० बाइट लिहायची. पूर्वी पाइपमध्ये मेमरीचं एक पेज, म्हणजे ४,०९६ बाइट मावायचे. लिनक्स २.६.११ पासून ६५,५३६ मावू लागले आणि थ्रेड अडेनासा झाला.

जुना टेस्टर: अडणं नाही, खोळंबणं. दुसऱ्याने वाचलं की हा मोकळा होणार.

तिसरी: कामं खोळंबतात. थ्रेडचं घोडं अडतं.

प्रश्नकर्ती: मी सेटसॉकऑप्टने (नेटवर्क जोडणीची सेटिंग बदलणाऱ्या कॉलने) सेंड बफर ८,१९२ बाइटचा मागितला, परत विचारलं तर १६,३८४! टिपेत ‘बफरचं माप’ कुठलं लिहू?

जुना टेस्टर: लिनक्स स्वतःच्या हिशेबासाठी मागितल्याच्या दुप्पट धरतो, आणि किमान पातळीखाली उतरत नाही. त्यामुळे मागितलेल्या आकड्यावर विसंबू नका. गेटसॉकऑप्टने मिळालेलं वाचा आणि त्याहून बरंच जास्त एका सेंडमध्ये पाठवा. टिपेत ‘मागितलेलं’ आणि ‘मिळालेलं’ असे दोन्ही शब्द हवेत.

शब्दप्रेमी: माप नव्हे, ‘धारकता’.

तिसरी: धारकता भांड्याची. यात तर हिशेबाची जागाही धरलीय, सगळी आपल्या बाइटना मिळतच नाही.